एक पळी पाणी

उपास ही गोष्ट आमच्या घरास नवी नाहीं. आषाढी-कार्तिकी आणि महाशिवरात्र हे तर लहानथोर सर्वांचेच. त्यांशिवाय संकष्टी आमच्या सौभाग्यवतींची, शनिवार धाकट्या बंधूंचा, श्रावणी सोमवार घरांतील झाडून सर्व स्त्रियांचे, आणि ज्येष्ठांतील निर्जला एकादशी आमच्या मातोश्रींची. वयाचीं ऐंशीं वर्षें उलटलीं, तरी त्या दिवशीं त्या पाण्याचा थेंबहि तोंडांत घेत नाहींत. अशा घरांत कोणीं ताट बाजूस सारलें, तर ‘कां?’ असें कोणी विचारीत नाहीं. ‘आज काय आहे?’ एवढेंच विचारतात. हीच रीत २०२४ सालच्या श्रावणांत आमच्या अंगाशीं आली. ती कशी, हें सांगण्याचें धारिष्ट आज करीत आहों. ज्यांच्या घरीं वाढत्या वयाचीं मुलें आहेत, त्या वाचकांनीं आमच्या फजितीस खुशाल हंसावें. परंतु तींतून निघणारा बोध मात्र हंसण्यावारी नेऊं नये, एवढीच विनंति.

आमचें घर महाडास. २०२१ सालच्या जुलैंत पुराचें पाणी माजघरांत शिरलें, तें कोठवर चढलें त्याची रेघ आम्हीं भिंतीवर अद्याप राखून ठेविली आहे. घरांत एकंदर अकरा माणसें. त्यांत धाकट्या बंधूंचा मुलगा, ज्यास घरांत सर्व बाळ म्हणतात, तो त्या वर्षीं नववींत होता. अभ्यासांत मध्यम, परंतु अंगानें चपळ. ह्या मुलास कुस्तीचें वेड लागलें. ‘ब्राह्मणाच्या पोरानें मातींत लोळावें काय?’ असें आळींतील एक-दोघांनीं आम्हांस विचारलेंहि. त्यांस आम्हीं उत्तर दिलें कीं, समर्थांची शिवथरघळ आमच्याच तालुक्यांत. मारुतीची उपासना सांगणाऱ्या पुरुषाच्या शेजारीं राहून मुलास जोर-बैठकांची बंदी करणें आम्हांस शोभणार नाहीं. उत्तर बाणेदार होतें, आणि तें देतांना आम्हांस थोडा अभिमानहि वाटला. हा अभिमान वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

शाळेंत गादीवरील कुस्ती चाले. रविवारीं मात्र बाळ एस्. टी. नें पोलादपुरास जाई. महाडाहून पोलादपूर सुमारें वीस किलोमीटर. तेथून आंबेनळीचा घाट महाबळेश्वराकडे चढतो, आणि घाट ओलांडला कीं सातारा जिल्हा, म्हणजे कुस्तीचा मुलूख. त्या मुलखांतील एक वृद्ध वस्ताद पोलादपुरास लेकीकडे येऊन राहिले होते, आणि चार पोरांस हौसेनें डाव शिकवीत होते. त्याच घाटाकडे प्रतापगड उभा आहे. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत त्याच्या पायथ्याशीं धिप्पाड अफजलखानाचें काय झालें, हें इकडील पोरांस मुळाक्षरांच्या आधीं ठाऊक असतें. त्यामुळें अंगाचा आकार म्हणजे सर्वस्व नव्हे, ही समजूत आमच्या भागांत जन्मजात आहे. समजूत खोटी नाहीं. परंतु ती युद्धाची गोष्ट झाली, खेळाची नव्हे. युद्धांत जोड विषम असते ती नाइलाजानें. खेळांत ती जाणूनबुजून विषम लावणें हा अन्याय होय.

हा अन्याय टाळण्याची युक्ति जुन्या लोकांसहि ठाऊक होती. जत्रेंतील कुस्त्यांत कांटा नसे. दोन पोरें हौद्यांत उभीं करून पंच त्यांस आपादमस्तक पाहत, दंड चाचपत, आणि ‘जोड बसते’ किंवा ‘बसत नाहीं’ असें सांगत. पुढें कुस्ती देशोदेशींची झाली, आणि डोळ्याची जागा कांट्यानें घेतली. वजनाचे गट पाडण्याचा हेतु मात्र तोच राहिला: अंगानें लहान असलेल्यास केवळ लहान म्हणून हार पत्करावी लागूं नये. अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं १९९३ सालीं मिश्र युद्धकलेचे, म्हणजे ज्यांत ठोसे, लाथा आणि जमिनीवरील पेंच हे सर्वच चालतात अशा प्रकारचे सामने भरले, तेव्हां त्यांत वजनाचे गट मुळींच नव्हते. ब्राझीलचा रॉइस ग्रेसी हा अवघ्या ऐंशीं किलोंच्या आसपासचा गडी त्यांत पहिला आला, आणि लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. तथापि एका ग्रेसीवरून नियम बांधतां येत नाहीं, हें चालकांसहि लवकरच उमगलें, आणि १९९७ पासून तेथेंहि गट पडूं लागले.

गट पडले, आणि त्यांबरोबर एक नवी विद्याहि जन्मास आली. ह्या सामन्यांत वजन आदल्या दिवशीं होतें आणि लढत दुसऱ्या दिवशीं. तेव्हां आदल्या दिवसापर्यंत अन्न-पाणी तोडून, घाम गाळून, अंग पिळून काढावयाचें. खालच्या गटाच्या कांट्यावर उभें राहावयाचें. आणि रात्रभर खाऊनपिऊन पुन्हां पूर्ववत् होऊन आपल्याहून लहान गड्यासमोर जाऊन उभें ठाकावयाचें. ह्या विद्येस ‘वजन तोडणें’ म्हणतात. बाळ तीं चित्रें मोबाइलवर पाही. त्यांतील लाथा-ठोसे पाहून घरांतील स्त्रिया नाकें मुरडीत. परंतु खरी भीति लाथांत नव्हती.

आषाढांत बाळाचें वजन ५४ किलो ६०० ग्रॅम होतें. म्हणजे ५५ किलोंच्या गटांत तो नेमका बसे. परंतु शाळेंत त्या गटांत त्याहून एक वर्षानें मोठा आणि चांगला तयार मुलगा होता, आणि एका गटांत शाळेचा एकच गडी जाई. त्याखालचा गट ५१ किलोंचा. त्यांत पोलादपुराकडील एका वाडींतला, महाडांत मामाकडे राहून शिकणारा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. सरावांत बाळानें त्यास दोनदां चीत केलें, आणि शाळेंतून निरोप आला कीं, ‘वजन उतरविलेंत, तर ५१ मध्यें नांव घालूं.’ हा निरोप आम्हीं स्वतः ऐकला, आणि आनंदानें मान डोलाविली. साडेतीन किलो म्हणजे तें काय! आम्हीं बाजारांतून नवा कांटा आणून दिला, आणि बाळाच्या पाठीवर थाप मारून म्हटलें, ‘खाशाबा जाधवांच्या मागून आतां तूंच!’ वाडींतल्या मुलाचें पुढें काय, हा प्रश्न आमच्या मनास त्या दिवशीं शिवलासुद्धां नाहीं.

श्रावण लागून तिसराच दिवस होता. ऑगस्टची ७ तारीख. पॅरिसच्या ऑलिंपिकांत विनेश फोगाट ह्यांनीं आदल्या दिवशीं तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. त्यांपैकीं पहिलींत तर तोंवर परदेशीयांकडून कधींहि न हरलेल्या जपानच्या युइ सुसाकीस त्यांनीं हरविलें होतें. दुसऱ्या दिवशीं अंतिम कुस्ती. परंतु ५० किलोंच्या त्या गटांत सकाळीं वजन भरलें, तें शंभर ग्रॅम अधिक. रात्रभर व्यायाम केला, वाफ घेतली, केस कापले. तरी कांटा उतरला नाहीं, आणि त्या स्पर्धेबाहेर गेल्या. वस्तुतः त्यांचा अलीकडचा गट ५३ किलोंचा. परंतु त्या गटांतील भारताची जागा अंतिम पंघाल ह्यांनीं आधींच मिळविलेली होती, म्हणून त्या खालीं उतरल्या होत्या. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणास जेवण गोड लागलें नाहीं. मातोश्रींनीं तर ‘शंभर ग्रॅम म्हणजे किती ग?’ असें विचारून सुनेकडून तेवढे तांदूळ वाटींत काढून पाहिले, आणि वाटी बराच वेळ हातांत धरून बसल्या. बाळ एकटक पडद्याकडे पाहत होता. आम्हांस वाटलें, तो हळहळतो आहे. तो हिशेब शिकत होता.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आतां आठवले म्हणजे आपल्याच डोळ्यांचें आश्चर्य वाटतें. बाळानें सोमवार धरला. आजीस धन्यता वाटली. शनिवार धरला, बापास कौतुक वाटलें. एकादशीस त्यानें साबूदाण्याची खिचडीहि नाकारली, तेव्हां ‘आपल्या घराण्याचें वळण!’ असें उद्गार आम्हींच काढले. धो धो पावसांत तो रोज रेनकोट घालून धांवावयास जाई. महाडच्या श्रावणांत रेनकोट घातलेला मुलगा पाहून कोणास शंका येणार? त्या रेनकोटाखालीं दोन लोकरी स्वेटर असत, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. दोरीवर वाळत घातलेल्या स्वेटरांस मिठासारखा पांढरा थर धरतो, ही गोष्ट सौभाग्यवतींच्या लक्षांत आली होती. परंतु दमट हवेचा परिणाम म्हणून ती त्यांनीं सोडून दिली.

लक्षांत आलें तें मातोश्रींच्याच. एका सोमवारीं सायंकाळीं पूजा आटोपून त्या सर्वांस तीर्थ देत होत्या. बाळानें हात पुढें केला, ओंजळींतील तीर्थ ओंठांस लावलें मात्र, आणि तें न पितां डोक्यावरून फिरविलें. पळीभर पाणी! पांच-सात ग्रॅम वजन भरेल न भरेल. मातोश्री तेव्हां कांहीं बोलल्या नाहींत. परंतु उपास सोडावयाच्या पानावर बाळ येऊन बसला नाहीं, तेव्हां त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, तें पाहणें आम्हांस आतां आठवतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां शालेय सामन्यांचीं वजनें होतीं.

रात्रीं दहाच्या सुमारास न्हाणीघराचें दार आंतून लावलेलें, आणि बंबाची ऊब बाहेरपर्यंत येत होती. बंधु औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत रात्रपाळीस गेलेले. इतक्यांत आंत घंगाळ कलंडल्याचा आवाज झाला. आम्हीं दार ढकललें. वाफेनें भरलेल्या त्या खोलींत बाळ स्वेटर आणि रेनकोट घालून भिंतीस टेकून बसला होता. अंग तापलेलें, ओंठ फुटलेले, पोटरींत गोळा आलेला. शब्द जड येत होते. दाराच्या मागच्या बाजूस पेन्सिलीनें आंकड्यांची ओळ लिहिलेली होती: सर्वांत वर ५४.६, सर्वांत खालीं ५१.४. माजघरांतल्या भिंतीवर पुराची रेघ आम्हीं जपून ठेविली होती. हा उलटा पूर आमच्याच घरांत रोज बोट-बोट उतरत होता, आणि त्याचा पत्ता आम्हांस नव्हता.

‘काका, चारशें ग्रॅम राहिलेत,’ बाळ म्हणाला. ‘झोंपेंत तेवढं जातं. आईला सांगूं नका. आणि पाणी मात्र देऊं नका.’

वाचकहो, पुढील वाक्य लिहितांना लेखणी अडते. तथापि तें लिहिल्यावांचून ह्या लेखास अर्थ नाहीं. आम्हीं हिशेब केला. मनुष्य रात्रभरांत श्वासावाटे आणि घामावाटे तीन-चारशें ग्रॅम सहज गमावतो, हें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें. ‘म्हणजे जमलेंच कीं!’ असें आमच्या मनानें म्हटलें. तो मुलगा समोर ग्लानींत बसला असतां, ज्या अभिमानानें आम्हीं आळींतल्या लोकांस बाणेदार उत्तर दिलें होतें, तोच अभिमान आमच्या कानांत ग्रॅम मोजीत होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. अर्धें मिनिट असेल. तेवढ्यांत पाठीमागून मातोश्री आल्या. त्यांच्या हातांत पाण्याचें फुलपात्र होतें.

‘अण्णा, कांटा कसला पाहतोस? पोराचं तोंड पाहा,’ त्या म्हणाल्या.

बाळानें तोंड फिरविलें. ‘आजी, तूं नाहीं का निर्जला करीत?’

‘मी करतें ती देवासाठीं, आणि दुसऱ्या दिवशीं पारणं सोडतें. तूं ही कोणासाठीं करतोस?’ असें म्हणून त्यांनीं त्याचें डोकें मांडीवर घेतलें आणि घोट-घोट पाणी त्याच्या तोंडांत घातलें. मुलगा रडत होता; परंतु डोळ्यांत पाणी येत नव्हतें. तें पाहून आमचा हिशेब संपला.

रिक्षांतून आम्हीं त्यास डॉक्टरांकडे नेलें. शिरेंतून सलाइन चढविलें, तेव्हां पहांटेस त्याचें बोलणें ताळ्यावर आलें. डॉक्टरांनीं आम्हांस बाहेर बसवून जें समजावून सांगितलें, तें प्रत्येक घरांत माहीत असावें असें आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० कॅलरी. वाढत्या मुलाचें दिवसाचें जेवण अडीच हजारांच्या आसपास धरलें, तर तीन दिवस निखळ उपाशी राहून एखादा किलो चरबी जाईल. मग दोन दिवसांत दोन-तीन किलो उतरतात ते कसले? ते पाण्याचे. स्नायूंत सांठविलेली साखर आपल्या तिपटीएवढें पाणी धरून असते. ती संपली कीं तें पाणी जातें. नंतर रक्तांतलें पाणी आटतें. रक्त कमी, म्हणून हृदयास धांवावें लागतें. घामास पाणी उरलें नाहीं, म्हणून अंगांतली उष्णता अंगांतच कोंडते. मूत्रपिंडांवर ताण पडतो. आणि क्षारांचें प्रमाण बिघडलें कीं स्नायूंत गोळे येतात, प्रसंगीं हृदयाचा ठेकाहि चुकतो. ‘वजन उतरलें नव्हतें,’ डॉक्टर म्हणाले, ‘मुलगा आटत होता.’

पुढें आम्हीं ह्या विषयावर मिळेल तें वाचलें. १९९७ सालीं नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवघ्या महिन्याभरांत अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर ह्याच पायीं मृत्युमुखीं पडले. बंद खोलींत रबरी पोषाख घालून घाम काढतांना त्यांचीं शरीरें थकलीं तीं थकलींच. त्यानंतर तेथें ते पोषाख आणि वाफेच्या खोल्या ह्यांवर बंदी आली, वजन सामन्यापूर्वीं थोडाच वेळ घेण्यांत येऊं लागलें, आणि प्रत्येक मुलाचें किमान वजन हंगामाच्या आरंभींच, अंगांत पुरेसें पाणी असल्याची खात्री करून, ठरविण्यांत येऊं लागलें. २०१५ सालच्या डिसेंबरांत मिश्र युद्धकलेंतील यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी तरुण मनिला येथें वजन उतरवितांना कोसळला आणि दगावला. तेव्हां ते सामने भरविणाऱ्या संस्थेनें अंग सुकवून वजन उतरविण्यासच मनाई केली, आणि वजनाबरोबर लघवीची परीक्षा ठेविली. आंतरराष्ट्रीय कुस्तींत आतां दोन्ही दिवशीं सकाळीं वजन होतें, तें ह्याचसाठीं कीं, आदल्या दिवशीं आटून दुसऱ्या दिवशीं फुगण्यास कोणास वाव राहूं नये. परंतु नियम कडक झाला, म्हणून हाव सुटत नाहीं. त्याच पॅरिसमध्यें अमन सेहरावत ह्यांनीं एका रात्रींत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून ५७ किलोंच्या गटांत कांस्यपदक मिळविलें, आणि देशानें त्या रात्रीचें कौतुक केलें. २०२५ च्या जागतिक स्पर्धेंत त्याच गटांत त्यांचें वजन १ किलो ७०० ग्रॅम अधिक भरलें, आणि त्यांस एकहि कुस्ती न खेळतां परतावें लागलें. तेंच शरीर आणि तोच गट. कौतुक आणि फजिती ह्यांत एका रात्रीचें अंतर. जेथें तज्ज्ञ वैद्य चोवीस तास हाताशीं असतात, तेथील ही कथा. मग न्हाणीघरांत एकट्यानें हा प्रयोग करणाऱ्या मुलाची काय व्यथा!

परंतु ह्या सर्व पुस्तकी ज्ञानाहून मोठा धडा आम्हांस दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं घरबसल्या मिळाला. बाळ पलंगावर पडला होता. दारांत एक मुलगा उभा राहिला. खांद्याला शाळेची पिशवी, कपाळाला खरचटलेलें. हाच तो वाडींतला मुलगा. सकाळीं बाळ गेला नाहीं, म्हणून आयत्या वेळीं त्याचें नांव घालण्यांत आलें होतें.

‘पहिली मारली, दुसरी गेली,’ तो ओशाळून म्हणाला, आणि मग बाळाकडे वळून, ‘तुला बरं आहे ना?’

सौभाग्यवतींनीं त्याच्यापुढें लाडू ठेविला. आम्हीं सहज विचारलें, ‘काय रे, तुलाहि उपाशी राहावें लागलें असेल?’ तो आश्चर्यानें पाहूं लागला. ‘मला कशाला? मामीनं सकाळीं नाचणीची भाकरी दिली, ती खाऊन गेलों. मी आहेच एवढा.’

‘मी आहेच एवढा’ हे तीन सरळ शब्द आमच्या मनांत खोल रुतले. वजनाचा ५१ किलोंचा गट कोणासाठीं केला होता? ह्याच मुलासाठीं. जो मुळांतच तेवढा आहे, त्यास आपल्याएवढ्याशीं झुंजतां यावें म्हणून. आणि आम्ही काय करीत होतों? आमचा मुलगा त्याहून मोठा असतां, त्यास एका सकाळपुरता लहान करून, त्या लहानाची जागा बळकावीत होतों. गरिबांसाठीं राखलेल्या धान्याच्या रांगेंत फाटका सदरा घालून उभें राहणाऱ्या सधन गृहस्थास आपण काय म्हणतों? तेंच आम्ही झालों होतों. फाटका सदरा तेवढा बाळाच्या कातडीचा होता. लोक म्हणतील, सर्वच असें करितात, मग एकट्यानें सोंवळें कां पाळावें? आमचें उत्तर असें कीं, सर्वच करितात म्हणूनच त्यांत कोणाचा लाभहि उरत नाहीं. वरच्या गटांतले सर्वच खालीं उतरले कीं पुन्हां जोड बरोबरीचीच लागते. फरक एवढाच कीं, दोघेहि अर्धमेले असतात, आणि जो खरोखरच लहान, तो मात्र गटांतून बाहेर फेंकला जातो.

मातोश्रींनीं त्या रात्रीं न्हाणीघरांत जें एका वाक्यांत सांगितलें, तें आम्हांस समजावयास इतके दिवस लागले. उपास आणि ही उपासमार दिसावयास सारखीं. ताट दोन्हींत रिकामेंच असतें. परंतु उपासांत मनुष्य स्वतःची हाव कमी करितो, आणि येथें हाव वाढली म्हणून शरीर कमी करावें लागतें. उपासास पारणें असतें, आणि तें सर्वांसमक्ष असतें. ह्यास बंद दार लागतें. ज्या घरास उपासाची ओळख आहे, त्यानेंच हा भेद आधीं ओळखावयास हवा होता. आम्हीं ओळखला नाहीं, कारण रिकाम्या ताटाचें कौतुक करण्याची आम्हांस संवय होती.

भाद्रपदांत गणपति पोंचविल्यावर आम्ही बाळास घेऊन पोलादपुरास वस्तादांकडे गेलों. झालेली हकीकत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अण्णा, आमच्या वेळेला कांटा नव्हता, डोळा होता. डोळ्याला फसवायला घाम उपयोगी पडत नाहीं. पैलवानानं अंग कमवावं, गमवावं कशाला?’ आणि बाळाकडे वळून त्यांनीं खाशाबांची गोष्ट काढली. ती गोष्ट आम्हांसहि ठाऊक होती. परंतु तिचा एक भाग आमच्या ध्यानांत कधीं आला नव्हता. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ सालीं लंडनला गेले, तेव्हां ५२ किलोंच्या गटांत लढले आणि सहावे आले. मातींत वाढलेल्या ह्या पैलवानास गादी तेव्हां नवी होती. पुढील चार वर्षें त्यांनीं मेहनत केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकीस गेले, ते खालच्या गटांत नव्हे, तर वरच्या, ५७ किलोंच्या गटांत. त्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यांच्या त्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. ज्यांचें नांव घेऊन आम्हीं बाळाच्या पाठीवर थाप मारली, ते खाशाबा चार वर्षांत वाढले होते. आणि त्यांच्या नांवानें आम्हीं आमच्या मुलास आटावयास लाविलें. थोरांचीं नांवें घेतांना त्यांची वाट कोणत्या दिशेस गेली, एवढें तरी पाहून घ्यावें.

घरीं येऊन आम्हीं तो कांटा कपाटांत ठेविला, फेंकला नाहीं. वजन मोजणें वाईट नव्हे. तें महिन्यांतून एकदां, उजेडांत, सर्वांसमक्ष मोजावें, आणि मुलगा वाढला तर आनंद मानावा, एवढा नियम केला. शाळेसहि आम्हीं पत्र लिहिलें कीं, मुलांचे गट आषाढांतील वजनावरून ठरवावे आणि सामन्याच्या दिवसापर्यंत कोणास खालच्या गटांत उतरूं देऊं नये. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. ज्यांचीं मुलें कुस्ती, ज्यूडो, मुष्टियुद्ध किंवा आमच्या कोंकणांतील वजनी गटांची कबड्डी खेळतात, अशा पालकांनींहि आपापल्या शाळांस असेंच एकेक पत्र लिहावें. पत्रांनीं नियम बदलतात, असा आमचा अनुभव फारसा नाहीं. परंतु निदान पत्र लिहिणाऱ्याच्या घरांत तरी बंद दारामागें आंकडे लिहिले जाणार नाहींत.

पुढल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या श्रावणापर्यंत, बाळ अठ्ठावन्न किलोंचा झाला, आणि ६० किलोंच्या गटांत उतरला. पहिल्याच कुस्तींत हरला. वाडींतला मुलगाहि वाढून ५५ च्या गटांत गेला होता. तो दोन कुस्त्या जिंकला, आणि बाळ त्याच्या बाजूनें ओरडून ओरडून घसा बसवून घरीं आला. त्या दिवशीं सोमवार होता. मातोश्री तीर्थ देत होत्या. बाळानें हात पुढें केला, तीर्थ प्याला, आणि हात तसाच पुढें ठेवून बसलेल्या आवाजांत म्हणाला, ‘आजी, आणखी एक पळी.’